सहाव्या तलावाची ताकद

कुणी काहीही म्हणो, माझ्या अहवालात गणिताची चूक एकच होती आणि तीही बर्फामुळे झाली. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या क्विन्स हॉलो गावात गेलं वर्षभर माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते ऐकलंत, तर मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक नसून घरं फोडत हिंडणारा इसम आहे अशी तुमची समजूत व्हायची.

काम तसं दोन पानांचं होतं. आमचं कॉलेज 'सहा तलाव परिषदे'त लॅक्रोस खेळतं, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. आपसांत सामने खेळणारी सहा लहान कॉलेजं, सहा तलाव. खरं सांगायचं तर पाच तलाव आणि एक डबकं. सहावं पाणी म्हणजे सेंट ओडिलो कॉलेजच्या पाठीमागचं डबकं. त्याला तलाव म्हणायचं असं परिषद स्थापन होतानाच ठरलं आणि तेव्हापासून बदकांखेरीज कुणी त्यात उतरून खोली पाहिलेली नाही. या परिषदेला एक मानद सचिव असतो. सभेत नाव सुचवायची वेळ येते तेव्हा जो माणूस खिडकीबाहेर बघत असतो, त्याला सचिव करतात. त्या दिवशी खिडकीबाहेर एक खार सबंध पाव ओढून झाडावर न्यायचा प्रयत्न करत होती. कुणीही बघितलं असतं.

सचिवाने दर मे महिन्यात, मोसम संपला की, एक छापील फॉर्म भरून सहाही कॉलेजांच्या अध्यक्षांना पाठवायचा. फॉर्मचं नाव 'परिषदेची स्पर्धात्मक ताकद व भावी सदस्यत्व'. माझ्या आधीचा सचिव ग्रंथपाल होता. त्याने अकरा वर्षं पहिल्या रकान्यात 'समाधानकारक' आणि दुसऱ्यात 'यथास्थित' असं लिहिलं होतं. ते अकरा कागद मी ओळीने टेबलावर मांडले आणि मला भरून आलं. ज्या देशात चेंडू नाकाला लागला तरी त्याची आकडेवारी निघते, तिथे एका अख्ख्या परिषदेची ताकद अकरा वर्षं 'समाधानकारक' असावी? मी, ऑल्डन व्हेडर, तेवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय. मला कुणी काही विचारलं की मी उत्तर देतो. हा माझा स्वभाव आहे आणि त्याचे परिणाम मी आयुष्यभर भोगत आलो आहे.

मी तक्ता केला. सात मोसमांतले सगळे सामने घेतले. केलेले गोल, खाल्लेले गोल, घरचं मैदान, परकं मैदान, सगळं जमेस धरून प्रत्येक संघाला दहापैकी गुण दिले. आमचं क्विन्स हॉलो पहिलं आलं, ८.१. यात माझा काही हात नव्हता. सेंट ओडिलो शेवटचं आलं, ०.७. भावी सदस्यत्वाच्या रकान्यात मी अत्यंत संयमाने लिहिलं, 'सेंट ओडिलोमुळे परिषदेची सरासरी ताकद लक्षणीय घटते. भवितव्याबाबत विचार व्हावा.'

माझी बायको नदीन शाळेत नर्स आहे. तिने ते पान वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "तुला हे कुणी विचारलं होतं का?"

"फॉर्मने विचारलं होतं."

"फॉर्म दरवर्षीच विचारतो. दवाखान्यात आठवड्याला दारू किती घेता असं विचारतात, तिथे काय लिहितोस तू?"

तो प्रश्न वेगळा होता, असं मी तिला समजावून सांगितलं आणि लिफाफे चिकटवले.

पुढे काय झालं ते मला आजतागायत नीट कळलेलं नाही. सहापैकी कुठल्यातरी अध्यक्षांच्या कचेरीतून तो कागद आमच्या खोऱ्याच्या साप्ताहिकाकडे गेला. गुरुवारच्या अंकात, गाजराच्या केकची पाककृती जिथे यायची तिथे, माझा तक्ता आला. सोबत माझा फोटो. फोटो डोक्यावर केस असतानाचा होता, एवढंच काय ते समाधान. शनिवारी सेंट ओडिलोची पोरं गावात आली ती छातीवर मोठ्या अक्षरांत '०.७' छापलेले शर्ट घालून. त्यांना त्याची गंमत वाटत होती. एकाने मला ओळखलं आणि धावत येऊन माझ्याबरोबर फोटो काढला. "सर, शून्य नाही दिलंत, थँक्यू हं!" म्हणाला. हे चेष्टेने म्हणाला की मनापासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लागलं ते त्यांच्या कोचला. गेराल्ड स्टुम्फ हा गृहस्थ दिवसा सेंट ओडिलोचा बॉयलर सांभाळायचा आणि संध्याकाळी संघ. सोमवारी त्याने एका ओळीत राजीनामा दिला, 'यापुढे मी फक्त बॉयलर बघेन.' आणि बुधवारी सेंट ओडिलोच्या अध्यक्ष सिस्टर इमेल्डा यांचं मला पत्र आलं. त्यांनी माझ्या कष्टांबद्दल आभार मानले होते. परिषदेवर आपला भार पडू नये म्हणून तीस जूनला सेंट ओडिलो सदस्यत्व सोडत आहे असं कळवलं होतं, आणि शेवटी माझ्या कुटुंबासाठी प्रार्थना करीत असल्याचं लिहिलं होतं.

नदीनने पत्र दोनदा वाचलं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, चला, सरासरी तर सुधारली. हे वाक्य मी आयुष्यात बोललेल्या पहिल्या तीन मूर्ख वाक्यांत सहज बसेल. कारण दुसऱ्याच दिवशी मला एमेट प्रिंटपने बोलावणं पाठवलं.

एमेट आमचा कोच. सव्वीस वर्षं. व्यायामशाळेच्या जिन्याखाली त्याची खोली आहे. तिथे बसून तो कायम कुणाच्या ना कुणाच्या काठीची जाळी विणत असतो. एमेट नायगाऱ्याजवळच्या टस्करोरा या मूळ अमेरिकन जमातीच्या वस्तीतला. हा खेळ मुळात त्याच्या लोकांचा. आम्ही बाकीचे तो मागाहून शिकलो आणि एमेटच्या मते अजून शिकतोच आहोत. तो कमी बोलतो. सामना हरला तरी कमी बोलतो आणि जिंकला तर त्याहून कमी.

"ये ऑल्डन. बस," तो दोरी दातात धरून म्हणाला. "नियम चौदा वाचलायस?"

"मी सचिव आहे, एमेट."

"म्हणून तर विचारलं."

मग त्यानेच सांगितला. परिषदेत सहा संघ असले तर परिषदेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. पाच असले तर मिळत नाही. पाचांची परिषद म्हणजे सरकारी भाषेत परिषदच नव्हे, पाच ओळखीची माणसं. जो संघ मी ०.७ म्हणून वजा केला होता, तो नुसता उभा राहून आम्हा सगळ्यांना त्या स्पर्धेच्या दारात उभं करत होता. ते माझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात धरायचं होतं, मला माहीत नाही.

आणि हे आत्ताच व्हायचं होतं. आमचं कॉलेज कधी राष्ट्रीय स्पर्धेला गेलेलं नाही. या मोसमात परिषदेतला निर्णायक सामना आम्ही एका गोलने हरलो होतो आणि संघातलं एकही पोरगं पदवी घेऊन जाणार नव्हतं. सगळे पुढच्या वर्षी परत येणार होते. पुढचं वर्ष आमचं, हे खोऱ्यातली शेंबडी पोरंसुद्धा जाणून होती. आणि पुढचं वर्ष एमेटचं शेवटचं. मग तो निवृत्त होणार होता. सव्वीस वर्षं माणूस जिन्याखाली बसून दुसऱ्यांच्या जाळ्या विणतो, त्याला एकदा, फक्त एकदा, त्या मोठ्या मैदानावर उभं राहायला मिळणार होतं. आणि ते मी, संयमाने लिहिलेल्या एका वाक्याने, घालवलं होतं.

एमेट मला एक शब्द वाकडा बोलला नाही. मला वाटलं होतं बोलेल. मी तयारी करून गेलो होतो.

"माफी माग जाऊन," नदीन म्हणाली.

माफी मागायला माझी काहीच हरकत नव्हती. फक्त माझी चूक नव्हती. म्हणून मी सहावं कॉलेज शोधायचं ठरवलं.

आमचे शेजारी हॉलिस क्वेकनबुश यांनी एकतीस वर्षं काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली आहे. या खोऱ्यातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक पत्रपेटी आणि त्यांनी स्वतः उडवलेली प्रत्येक पत्रपेटी त्यांना पाठ आहे. माझा प्रश्न कुंपणापलीकडून ऐकून त्यांनी हिरवळ कापायचं यंत्र बंद केलं. ही फार मोठी गोष्ट आहे. नदीनच्या वडिलांची प्रेतयात्रा गेली तेव्हाही ते बंद झालं नव्हतं.

"प्रोफेसर, परिषदेचं नाव पाच तलाव करून टाका. डबकं गेलं, बरंच झालं."

"नावाचा प्रश्न नाहीये, हॉलिस. संघ सहा पाहिजेत."

"मग आपल्याच कॉलेजाचे दोन संघ करा. एक लाल, एक निळा."

"तसं चालत नाही."

"का? कुठे लिहिलंय?"

मी नियमावली उघडली. खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं. अर्धा तास मी त्या विचारात घालवला हे मला कबूल केलं पाहिजे. शेवटी त्यांनीच सुचवलं, "फोर्ट ॲम्सेलच्या शेतकी कॉलेजात जा. त्यांच्याकडे हे एवढं मैदान आहे. नुसतं पडून असतं."

मैदान होतं, आणि पडून नव्हतं. त्यावर सुमारे दोनशे रानहंस राहत होते. शेतकी कॉलेजचे डीन, डॉ. ओर्विल ट्वीड, हा अतिशय सज्जन माणूस. "लॅक्रोस? वा! पोरांना आवडेल. एवढे हंस तेवढे बघा," म्हणाले.

"हाकलता येणार नाहीत?"

"हाकलायला परवानगी लागते. परवानगी द्यायला अंडी मोजावी लागतात. अंडी मोजायला हंस हाकलावे लागतात." ते हे अगदी शांतपणे सांगत होते. माणूस आपल्या सांधेदुखीबद्दल बोलतो तसं. "तुम्ही जरा मैदान बघून तर या. काठाकाठाने जा."

मी काठाकाठानेच गेलो. काठ कुठला हे हंसांनी वेगळं ठरवलं होतं. त्यातला एक, जो वयाने आणि अनुभवाने मोठा दिसत होता, मान जमिनीलगत धरून माझ्याकडे आला. मी त्याला बोलून समजवायचा प्रयत्न केला. यापुढचं मी सांगणार नाही. शेतकी कॉलेजच्या गोठ्यातून मला एक विजार देण्यात आली. ती घालून मी पन्नास मैल गाडी चालवत घरी आलो आणि हॉलिस कुंपणाशीच उभे होते.

दुसरं कॉलेज महामार्गालगत, एका बंद पडलेल्या दुकानसंकुलात होतं. तिथे व्यवसाय व्यवस्थापन शिकवत. प्राचार्य पंचवीस-सव्वीस वर्षांचे असावेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "हे आमच्या विद्यार्थ्यांना घरून खेळता येईल का?"

तरीही मी अर्ज पाठवायचं ठरवलं. वर्ष वाचवायचं तर हे कॉलेजसुद्धा चाललं असतं. राष्ट्रीय कचेरीत मी फोन केला. फोनवर एक डेल्फीन नावाच्या बाई होत्या. आवाज फार गोड.

"नवीन सदस्यासाठी फॉर्म अकरा-ब, सर. त्याला अकरा-अ नाकारल्याचा दाखला जोडायचा."

"अकरा-अ कशाचा?"

"जुन्या सदस्याला ठेवण्याचा, सर. जुना सदस्य का जातोय ते आधी आम्हाला पटलं पाहिजे. कारण काय लिहू?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"सर? ते वर्तमानपत्रातलंच कारण का?" डेल्फीनबाई आमच्यापासून सातशे मैलांवर बसतात.

इकडे गावात माझी अवस्था वाईट होत चालली. पोस्टात माझ्या पुढे उभी असलेली माणसं मागे वळून बघत आणि परत पुढे बघत. केस कापणाऱ्याने, जे काय उरलेत ते, मुद्दाम वाकडे कापले. रविवारी सकाळी नाक्यावरच्या डायनरमध्ये मी कॉफी मागितली, तर तिथे वाढणाऱ्या विनिफ्रेडने कपाच्या तळाशी जेमतेम घोटभर ओतली.

"हे काय, विनी?"

"तुमच्याच हिशोबाने भरलाय, प्रोफेसर." तिचा पुतण्या आमच्या संघात बचावाला खेळतो.

नदीनने मेनूकार्ड उभं धरून तोंड झाकलं, पण तिचे खांदे हलत होते. घरी येताना मात्र ती गंभीरपणे म्हणाली, "तू कॉलेजं शोधत नाहीयेस. तू माफी टाळतोयस. हे तुझ्याखेरीज सगळ्या गावाला कळलंय." मी गाडीचे वायपर चालू केले. पाऊस नव्हता, पण काहीतरी करणं भाग होतं.

तीस जूनला पाच दिवस उरले होते तेव्हा मी सेंट ओडिलोला गेलो. नदीनने रूबार्ब-पाय, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला केकसारखा पदार्थ, करून दिला होता, तो वाटेत मांडीवर कलंडला. तरी उरला तेवढा घेऊन मी सिस्टर इमेल्डांच्या खोलीत शिरलो. ठेंगणी, सत्तरीची बाई. टेबलावर माझा तक्ता होता, आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. मी लाल पेन्सिलीच्या खुणा लांबून ओळखतो. जन्म त्यातच गेला आहे.

"बसा, प्रोफेसर. मी अध्यक्ष होण्याआधी चौतीस वर्षं गणित शिकवलंय," त्या म्हणाल्या. "तुमची रीत चांगली आहे. पण चार वर्षांपूर्वीचा अकरा मार्चचा सामना तुम्ही आमच्या पराभवात धरलाय, शून्य विरुद्ध सोळा."

"नोंदवहीत तसंच होतं, सिस्टर."

"शून्य म्हणजे गोल नव्हेत. ते तापमान आहे. सोळा म्हणजे बर्फाचे इंच. सामना झालाच नाही."

मी तक्ता हातात घेतला. त्यांचं बरोबर होतं. ग्रंथपालाने रद्द झालेल्या सामन्याच्या ओळीत हवामान लिहिलं होतं आणि मी, तेवीस वर्षांचा अनुभवी प्राध्यापक, त्या बिचाऱ्या पोरांना हिमवादळाकडून हरवलं होतं. (नंतर हॉलिसनीही दुजोरा दिला. त्या दिवशी त्यांनी सात पत्रपेट्या उडवल्या होत्या.)

"दुरुस्त केल्यावर किती येतं?" मी विचारलं.

"शून्य पूर्णांक नऊ," सिस्टर म्हणाल्या. "पोरांना सांगितलं तर शर्ट परत छापावे लागतील म्हणून बोलले नाही."

आणि मग माझ्याकडून एकदम सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, सिस्टर, बर्फाचं सोडा. बर्फ नसता तरी मी ते लिहायला नको होतं. मला माझी हुशारी दाखवायची होती. दुसरं काही कारण नव्हतं. तुमच्या कोचची, पोरांची माफी मागायला आलोय, आणि आमच्या कोचचं एकच वर्ष राहिलंय. हे म्हणताना माझा आवाज चिरकला. वर्गात माझा आवाज कधी चिरकत नाही.

सिस्टरांनी रूबार्ब-पायचा तुकडा कापून माझ्यापुढे सरकवला. "राग केव्हाच गेला हो. पत्र पाठवलं त्याच दिवशी गेला. पण प्रोफेसर, आमची अडचण रागाची नाहीच. आमच्याकडे कोच नाही. गेराल्ड परत यायचं नाव काढत नाही. सगळीकडे विचारलं. तुमचा तक्ता सगळ्यांनी वाचलाय. त्या संघाकडे कोण येणार? तीस तारखेच्या आत कोचची सही नसली तर मला सदस्यत्व ठेवताच येत नाही."

म्हणजे माफी मिळाली होती, पण तिचा उपयोग नव्हता. खिडकीतून सहावा तलाव दिसत होता. बदकं मजेत होती.

परत आलो तो थेट जिन्याखाली गेलो. एमेट जाळी विणत होता. त्याला सगळं सांगितलं, बर्फासकट. बर्फाच्या इथे तो हसला. तेवीस वर्षांत मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. दोरी सुटली.

मग त्याने विचारलं, "किती पोरं आहेत त्यांच्याकडे?"

"अकरा."

"लागतात दहा. चांगलं आहे की." त्याने दोरी परत ओवून घेतली. "गोलरक्षक?"

"तो तत्त्वज्ञान शिकतो."

"ते कठीण आहे," एमेट म्हणाला आणि बराच वेळ गाठी मारत बसला. तो काय विचार करतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. जिन्याला डोकं आपटलं.

"नाही हं, एमेट! हे सगळं तुझ्यासाठी चाललंय! ती जागा तुझ्यासाठी वाचवायचीय!"

"माझ्यासाठी?" त्याला खरंच नवल वाटलं. "जागा पोरांची आहे, ऑल्डन. मी काही पळणार नव्हतो तिथे."

"सव्वीस वर्षं थांबलास तू!"

"थांबलो नव्हतो. खेळवत होतो." मग त्याने काठी उजेडात धरून बघितली. "माझ्या आजोबांनी मला पहिली काठी दिली, तेव्हा कुठल्या स्पर्धेत जायचं ते सांगितलं नव्हतं. नीट धर, एवढं सांगितलं. शिवाय तुमच्या कॅन्टीनचा तो खिम्याचा मीटलोफ मी सव्वीस वर्षं खाल्लाय. सिस्टरांकडे शुक्रवारी मासे असतात असं ऐकलंय."

"आणि आपल्या पोरांचं काय?"

"डेक्लन बघेल." डेक्लन मूडी त्याचा सहायक. "त्याला सगळं येतं. नुसता ओरडतो फार. तेवढं सांग त्याला."

अठ्ठावीस जूनला एमेटने सेंट ओडिलोच्या कागदावर सही केली. सहा संघ पुरे झाले, नियम चौदा शाबूत राहिला, अकरा-अ, अकरा-ब कशाचीच गरज पडली नाही. डेल्फीनबाईंनी फोन करून अभिनंदन केलं. गाव मात्र माझ्यावर आणखीनच भडकलं. आधी मी जागा घालवली होती, आता मी कोच घालवला होता. विनिफ्रेडने तर माझ्या टेबलाकडे यायचंच सोडलं. मी स्वतः उठून कॉफी आणू लागलो. एका अर्थी न्याय झाला, पण तो मला दरवेळी स्वतःच कपात ओतून घ्यावा लागत होता.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सेंट ओडिलोला खेळायला गेलो. तोवर आमची पोरं परिषदेतले सगळे सामने जिंकली होती. हा जिंकला की परिषद आमची. सेंट ओडिलोनेही एमेटच्या हाताखाली दोन सामने जिंकले होते. सात वर्षांत पहिले दोन. सिस्टर घोंगडी पांघरून पहिल्या रांगेत होत्या. बॉयलरवाला गेराल्डही आला होता, आपण सहज इकडून चाललो होतो असा चेहरा करून.

सामना म्हणावा तसा झालाच नाही. आमच्या पोरांनी एकोणीस गोल केले. पण सेंट ओडिलोनेही तीन केले, आणि काय सांगू, तिसऱ्या गोलला मी दोन्ही हात वर करून ओरडत उभा राहिलो. मग बघितलं तर मी आमच्या लोकांत बसलेलो. विनिफ्रेड माझ्या मागच्याच बाकावर होती. तीही उभी होती.

सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर रांगेने चालत जातात आणि एकमेकांशी हात मिळवतात. सगळीकडे तसंच करतात, दोन मिनिटांचं काम असतं. रांगेच्या शेवटी कोच. आमची पोरं हात मिळवत एमेटपर्यंत पोचली, एमेटचा हात हातात घेतला आणि पुढे जाऊन, वळसा घालून, परत रांगेच्या मागे उभी राहिली. पुन्हा आली. पुन्हा गेली. सेंट ओडिलोच्या अकरा पोरांना आधी काही कळेना, मग तेही हात मिळवत सुटले. पंचांनी घड्याळ बघितलं, शिट्टी तोंडाजवळ नेली आणि परत खिशात टाकली. सचिवाला मैदानात उतरायचा अधिकार नाही. हा नियम मला पाठ आहे. मी उतरलो आणि रांगेत उभा राहिलो.

माझी पाळी आली तेव्हा काहीतरी चांगलं बोलायचं मी ठरवून ठेवलं होतं. एमेटने माझा हात घट्ट धरला, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाला, "आमचे तीन गोल कुठून झाले बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी ओरडत होतो.

"तिन्ही डावीकडे, खाली. तुमच्या गोलरक्षकाची, कॉर्बिनची, डावी बाजू उघडी पडते. गेल्या वर्षापासून पडतेय. मोठ्या स्पर्धेतले लोक पाच मिनिटांत हेरतील. डेक्लनला सांग, रोज शंभर चेंडू डावीकडे खाली. ओरडू नको म्हणावं. नुसते टाक."

माझं ठरवलेलं बोलणं राहूनच गेलं. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं. मी डेक्लनला शोधायला पळालो. या वयात मी मैदान आडवं पळत पार केलं आणि निरोप शब्दनशब्द दिला.

आमची पोरं राष्ट्रीय स्पर्धेला गेली. एमेट आणि सिस्टर प्रेक्षकांत होते. पहिल्याच फेरीत आम्ही बारा विरुद्ध चारने हरलो. पण कॉर्बिनच्या डावीकडून एकही गोल झाला नाही. बाराही उजवीकडून झाले.